सत्तरीतल्या एका काजू बागायतीतला माकडताप : एक प्रकरण अभ्यास

सत्तरी तालुक्यातल्या पाली गावात २०१५ साली माकडतापाचे, म्हणजे क्यासनूर विषाणूमुळे येणाऱ्या तापाचे, रुग्ण सापडले आणि गोव्यात या आजाराची पहिल्यांदा नोंद झाली. त्यानंतरच्या एका काजू हंगामातलं हे प्रकरण आहे. मी तेव्हा आरोग्य कर्मचारी म्हणून त्या भागातल्या वाड्यांवर घरोघर फिरत असे. घर ओळखू येऊ नये म्हणून वाडीचं नाव आणि काही किरकोळ तपशील गाळले आहेत.

हे प्रकरण मला मांडावंसं वाटतं, कारण संसर्गजन्य आजार म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. एक आजारी माणूस, त्याला शिवलेला दुसरा, मग तिसरा. त्यामुळे ताप आला की पहिला प्रश्न होतो, “कोणाकडून लागला?” या घराला त्या प्रश्नाने तापाइतकाच त्रास दिला.

घरात चौघं. पंचेचाळिशीतली आई, तिचा नवरा, वीस वर्षांचा मुलगा आणि सत्तरी ओलांडलेली सासू. गोठ्यात दोन गायी. घरामागे चढावर काजूची बागायती, आणि बागायतीची वरची कड थेट रानाला लागलेली. फेब्रुवारी ते मे हे महिने सत्तरीत असे असतात की कोणालाच घरी बसून चालत नाही. पहाटे उठून झाडाखाली पडलेले बोंडू, म्हणजे काजूची फळं, वेचायचे, बिया पिळून वेगळ्या करायच्या, बोंडू भट्टीवर पोचवायचे. वर्षाचा निम्मा संसार या चार महिन्यांच्या कमाईवर चालतो. वेचणी उकिडवं बसून, पालापाचोळा हातांनी बाजूला सारत होते. माकडतापाच्या दृष्टीने याहून धोक्याची बसण्याची रीत नाही.

मार्चच्या १० तारखेला मुलाला वरच्या कडेला कुजका वास आला. काट्याकुट्यात एक माकड मरून पडलं होतं. लाल तोंडाचं, आमच्याकडे त्यांना केलडी म्हणतात. त्याने ते काठीने पुढे ढकलून दिलं आणि कामाला लागला. ११ आणि १२ तारखेला त्याच झाडांखाली तिघांनी वेचणी केली: आई, मुलगा आणि पलीकडच्या वाडीवरून रोजावर आलेला एक गडी. वडील त्या दिवसांत खाली भट्टीवर होते, भरलेल्या टोपल्या पायवाटेवरून उचलून नेण्यापुरते वर येत. सासू तर घराबाहेरच पडली नाही.

१७ तारखेला दुपारी आईला हुडहुडी भरली. संध्याकाळपर्यंत ताप १०४ अंशांवर गेला. कपाळ फुटेल असं दुखत होतं, कंबर आणि पोटऱ्या धरून आल्या होत्या, डोळे लालबुंद. जवळच्या एका दवाखान्यात तीन दिवस इंजेक्शनं झाली. ताप तेवढ्यापुरता उतरे आणि पुन्हा चढे. १९ तारखेला मुलालाही ताप आला. २० तारखेला आईला उलट्या सुरू झाल्या आणि नाकातून रक्त आलं. त्या संध्याकाळी ती तालुक्याच्या आरोग्य केंद्रात पोचली. मलेरियाची स्लाइड निगेटिव्ह, डेंग्यूची चाचणी निगेटिव्ह. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही घसरलेल्या. तिथल्या डॉक्टरांनी सासूला विचारलं, “आजी, तुमच्या बागायतीत हल्ली माकड मेलं होतं काय?” या प्रश्नाने प्रकरणाची दिशा बदलली. दोघांचे रक्ताचे नमुने तपासणीला गेले आणि दोघांच्याही रक्तात क्यासनूर विषाणूचा अंश सापडला.

मुलाला ताप आला त्याच दिवशी वाडीवर निकाल लागला होता: “आईचा पोराला लागला.” दुसऱ्या दिवसापासून त्या घरचं दूध घ्यायला कोणी येईना. सासू विहिरीवर गेली तर शेजारणीने लांबूनच सांगितलं, “काकी, कळशी खाली ठेवा, मी भरून देते.” त्यात दुष्टावा नव्हता, भीती होती. शिगम्याचे दिवस होते. मेळ वाजतगाजत घरोघरच्या अंगणात येतो, घरधनीण दिवा ओवाळते, नारळ देते. त्या वर्षी मेळ या अंगणावरून सरळ पुढे गेला. सासूने निरांजन लावून ठेवलं होतं. ते मी पाहिलं आहे.

म्हणून आधी तारखांकडे पाहू.

जंतू शरीरात शिरल्यापासून पहिलं लक्षण दिसेपर्यंत जो वेळ जातो त्याला अधिशयन काळ म्हणतात. प्रत्येक आजाराचा तो ठरलेला असतो. माकडतापात हा काळ साधारण ३ ते ८ दिवसांचा. आता आईचा ताप १७ तारखेचा आणि मुलाचा १९ चा. आईकडून मुलाला लागला असता, तर तिला ताप भरला त्याच क्षणी विषाणू त्याच्यात गेला असं धरलं तरी २० तारखेआधी तो आजारी पडायला नको होता. मध्ये दोनच दिवस आहेत. उलट दोघांच्याही तापापासून मागे मोजलं, तर दोघंही ११ आणि १२ तारखेच्या वेचणीवर येऊन थांबतात. आई पाच-सहा दिवसांनी, मुलगा सात-आठ दिवसांनी. एकाच जागी, एकाच वेळी दोघांना झालेला हा संसर्ग होता. आजाराच्या साथीचा माग काढताना ‘एकामागून एक’ आणि ‘एकाच उगमातून अनेक’ हे दोन नमुने वेगळे ओळखावे लागतात, आणि पुष्कळदा ते नुसत्या तारखा ओळीने लिहिल्या की दिसू लागतात.

दुसरा पुरावा सासूचा. तिने सुनेची उशाशी बसून शुश्रूषा केली, उलट्या काढल्या, नाकातलं रक्त आपल्या लुगड्याच्या पदराने पुसलं. वय सत्तरीपुढचं. माणसाकडून लागणारा आजार असता तर घरात सगळ्यांत आधी ती पडली असती. तिला काहीही झालं नाही. तिने बागायतीत पाऊल टाकलं नव्हतं, एवढंच तिचं संरक्षण.

तिसरा पुरावा तो रोजाचा गडी. बागायतीत कोण कोण होतं याची यादी करायला बसल्यावर त्याचं नाव पुढे आलं. मी त्याच्या वाडीवर गेले तर तो अंथरुणात. १८ तारखेपासून तापाने फणफणलेला, पण घरच्यांनी दार लावून घेतलं होतं. “आमचंही दूध बंद करतील,” असं त्याची बायको म्हणाली. त्याचा त्या घराशी वेचणीपलीकडे संबंध नव्हता, तो त्या मायलेकांना तापात भेटलाही नव्हता, तरी त्यांच्याच आठवड्यात आजारी पडला. सुदैवाने रक्तस्राव झाला नाही. पुढे तिसऱ्या आठवड्यात त्याच्या रक्तात या विषाणूविरुद्धच्या ताज्या प्रतिपिंडांचा (अँटिबॉडीजचा) दाखला मिळाला. वाळीत टाकण्याने रोग थांबला नाहीच, रुग्ण मात्र लपला. या प्रकरणातलं मला सगळ्यांत जास्त खुपणारं हेच.

मग ताप आला कुठून?

१९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं पटापट मरू लागली आणि पाठोपाठ आसपासच्या खेड्यांतली माणसं तापाने आजारी पडली. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरची, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेची, माणसं तिथे पोचली. पहिली धास्ती ही की पीतज्वर (यलो फीवर) भारतात शिरला काय, कारण त्यातही जंगलातली माकडं मरतात. शोधाअंती विषाणू नवाच निघाला. डेंग्यू आणि पीतज्वराच्याच कुळातला, पण डासाऐवजी गोचिडीतून पसरणारा. पुढची कित्येक दशकं तो कर्नाटकातच मुख्यत्वे दिसत राहिला. मग २०१२ पासूनच्या काही वर्षांत तमिळनाडूचं निलगिरी, केरळचं वायनाड, २०१५ मध्ये आपली सत्तरी आणि २०१६ मध्ये शेजारचा सिंधुदुर्ग, दोडामार्गचा पट्टा. नकाशावर पाहिलं तर सगळी नावं सह्याद्रीच्या रांगेतली आहेत.

या विषाणूचं मूळ घर रानात आहे. उंदीर, चिचुंद्री, खारी यांच्यासारखे छोटे प्राणी आणि गोचिडी यांच्यामध्ये तो फिरत राहतो. त्या प्राण्यांना सहसा फारसं काही होत नाही. ज्यात जंतू असा वर्षानुवर्षं टिकून राहतो त्याला रोगाचा साठा म्हणतात. गोचीड ही वाहक. आणि इथे गोचिडीच्या आयुष्याकडे जरा थांबून बघायला हवं, कारण सत्तरीतल्या काजू हंगामाशी ते दुर्दैवाने नेमकं जुळतं.

या जातीची गोचीड आयुष्यात तीनदा रक्त पिते, दर वेळी वेगळ्या जनावराचं. पावसाळ्यात वाढलेली मादी गुरांचं किंवा मोठ्या रानटी प्राण्यांचं रक्त पिऊन जमिनीवर अंडी घालते. पाऊस ओसरला की त्यातून सहा पायांच्या अळ्या निघतात आणि उंदीर-चिचुंद्री, जमिनीवर वावरणारे पक्षी यांना चिकटतात. त्यातल्या एखाद्या प्राण्याच्या रक्तात विषाणू असला तर तो अळीत जातो, आणि अळीने कात टाकून पुढची अवस्था गाठली तरी तिच्यात टिकून राहतो. ही पुढची आठ पायांची अवस्था म्हणजे निम्फ. ती खसखशीच्या दाण्याएवढी असते, अंगावर चढली तरी कळत नाही, चावली तरी दुखत नाही. ती थंडीच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत पालापाचोळ्यात आणि बुटक्या झुडपांवर सर्वांत जास्त असते, आणि जे समोरून जाईल त्याला धरते. बोंडू वेचायचे तेच हे महिने.

माकडाची भूमिका वेगळी. ते या विषाणूचा साठा नव्हे, तेही बळीच आहे. निम्फ चावली की लाल तोंडाचं माकड किंवा काळ्या तोंडाचं वानर आजारी पडतं, त्याच्या रक्तात विषाणू भरमसाट वाढतो, आणि त्याच्या अंगावर रक्त पिणाऱ्या आणखी गोचिडी बाधित होतात. माकड मेलं, अंग थंड पडलं, की या गोचिडी त्याला सोडून खालच्या पाचोळ्यात उतरतात. म्हणजे मेलेल्या माकडाखालची जमीन बाधित गोचिडींनी दाट भरते. १० तारखेला काठीने ढकललेल्या त्या माकडाखाली हेच घडलेलं असणार, आणि दुसऱ्या दिवशी तिघं नेमके तिथे बसले. वडील पायवाटेवरून उभ्यानेच गेले-आले. शिवाय प्रत्येक गोचीड बाधित नसते आणि बाधित गोचीड चावलेल्या प्रत्येकाला गंभीर आजार होतोच असंही नाही.

माणूस या साखळीचं शेवटचं टोक. गोचीड माणसाला चावते आणि आजार तिथेच संपतो. माणसाकडून माणसाला तो गेल्याचा दाखला नाही. आजारी आईजवळ बसणं, तिची ताटवाटी धुणं, तिला मिठी मारणं यात शेजाऱ्यांना धोका नव्हता. दुधाचंही तसंच. गायींच्या अंगावर वाढलेल्या गोचिडी पोसल्या जातात आणि त्या अर्थाने गुरं गोचिडींची संख्या वाढवतात, पण त्यांच्या दुधातून माकडताप पसरल्याचा पुरावा नाही. (प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना मात्र या विषाणूची बाधा झालेली आहे. म्हणून जिवंत विषाणूवरचं काम कडक बंदोबस्ताच्या प्रयोगशाळेतच चालतं. मार्ग बदलला की धोका बदलतो, त्याचं हेही उदाहरण.)

हीच माणसं वर्षभर दुसऱ्या तापांनाही तोंड देतात आणि त्यातला फरक त्यांना कोणी सांगितलेला नसतो. मलेरियात आणि डेंग्यूत आजारी माणूस हा साखळीचा भाग असतो: डास त्याचं रक्त पितो आणि काही दिवसांनी शेजाऱ्याला चावतो. तिथे रुग्णालाच मच्छरदाणीत झोपवणं हे शेजाऱ्यांचं संरक्षण. पणजीत बांधकामांवरच्या साठलेल्या पाण्यावर आणि मजुरांच्या रक्ततपासणीवर सरकार एवढं लक्ष देतं ते याचसाठी. गोवर हवेतून जातो आणि एक रुग्ण, लस न घेतलेल्या वस्तीत, १२ ते १८ जणांना आजारी पाडू शकतो. तिथे अंतर ठेवणं योग्यच. पावसाळ्यात शेतात उतरणाऱ्यांचा लेप्टोस्पायरोसिस उंदरांच्या मुतातून, चिखलपाण्यातून, पायाच्या जखमेवाटे शिरतो. तिथे रुग्णापासून लांब राहून उपयोग शून्य, गमबूट मात्र कामाचे. ‘संसर्गजन्य’ या एकाच शब्दाखाली हे सगळे येतात, पण घ्यायची काळजी प्रत्येकात निराळी. मंकीपॉक्सच्या बातम्या आल्यावर तर त्याची आणि माकडतापाची सरमिसळ झालेली मी ऐकली आहे. तो पूर्ण वेगळा विषाणू, आणि तो माणसाच्या निकट संपर्कातून पसरतो.

उपचारांबद्दल थोडक्यात. माकडतापावर विषाणू मारणारं खास औषध नाही. सलाइन, रक्तदाबावर आणि रक्तस्रावावर नजर, तापाला पॅरासिटामॉल. अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी दुखणं मारणारी औषधं टाळायची, कारण प्लेटलेट उतरलेल्या असताना ती रक्तस्राव वाढवतात. हंगामात अंगदुखीवर अशी गोळी किंवा इंजेक्शन घेण्याची आपल्याकडे जी सवय आहे, ती म्हणून घातक. दगावण्याचं प्रमाण साधारण शंभरात तीन ते पाच. आई दोन आठवड्यांत तापातून उठली, पण हातापायांतली शक्ती परत यायला पावसाळा उजाडला. मुलगा वेळेत दाखल झाला होता, लवकर घरी गेला, सगळे निश्चिंत झाले. तिसऱ्या आठवड्यात त्याला पुन्हा ताप आला, डोकं असह्य दुखू लागलं, हात थरथरू लागले, बोलणं असंबद्ध झालं. दहा ते वीस टक्के रुग्णांत ही दुसरी फेरी येते आणि ती मेंदूवर परिणाम करते. त्याला बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात हलवलं. तो पूर्ण बरा झाला. घरी सोडताना या दुसऱ्या फेरीची कल्पना देणं फार गरजेचं आहे, नाहीतर घरचे ‘उलटला ताप’ म्हणून दोन दिवस काढ्यावर काढतात.

बागायतीत पुढे काय केलं? पशुवैद्यक आणि वनखात्याची माणसं आली, हातमोजे आणि अंगभर कपडे घालून माकडाचे अवशेष तिथेच जाळले. माकड पडलं होतं त्या जागेभोवती पन्नास फुटांपर्यंत मॅलेथिऑनची भुकटी टाकली. वरच्या कडेची वेचणी बंद झाली. उरलेल्या भागात जाणाऱ्यांना मी जे सांगितलं ते असं: बाह्या पूर्ण, पायजम्याचे पाय मोज्यांत खोचलेले, गोचिडींना दूर ठेवणारं तेल हातापायांना, बसायचं झालं तर पाचोळ्यावर न बसता. कर्नाटकात यासाठी डेपा तेल वाटतात. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात, आणि गरम पाण्याने आंघोळ करताना काखा, जांघा, गुडघ्यांमागे, कानांमागे हात फिरवून पाहायचं. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. तिच्यावर रॉकेल ओतू नये, विडीचा चटका देऊ नये, बोटांनी चिरडू तर मुळीच नये. पूर्वी एक लस दिली जात असे. तिचा प्रभाव अपुरा ठरल्यामुळे ती आता वापरात नाही आणि नवी तयार होते आहे. तोवर हे तेल, हे कपडे आणि ही तपासणी एवढंच हाताशी आहे.

वाडीवरची भीती मोडायला भाषण कामी आलं नाही. तारखांचा कागद आला. देवळाच्या मंडपात तिघांच्या तारखा एकाखाली एक लिहून दाखवल्या आणि सासूकडे बोट केलं: रात्रंदिवस जवळ बसलेली ही बाई धडधाकट आहे. शेजारीण दुसऱ्याच दिवशी दुधाची कासंडी घेऊन त्या घरी गेली.

एक गोष्ट मात्र तशीच राहिली, आणि ती माझ्या मते सगळ्यांत तातडीची आहे. मेलेलं माकड दिसलं की लगेच कळवा, हे सगळे ऐकतात, मान डोलावतात. पण कळवलं की बागायतीचा तो भाग ऐन हंगामात बंद होतो. ज्याच्या बिया पाचोळ्यात पडून राहणार, ज्याचा रोज बुडणार, तो माकड काठीने पुढे ढकलून गप्प बसतो. त्या मुलानेही तेच केलं होतं, आणि मी त्याला दोष देऊ शकत नाही. कळवणाऱ्या बागायतदाराला बंद पडलेल्या भागाची आणि तिथल्या गड्याला बुडालेल्या रोजाची भरपाई त्याच हंगामात, तालुक्याच्या पातळीवर मिळाली पाहिजे. गोचिडींचा माग काढण्याचं आपल्या हातातलं सर्वांत स्वस्त साधन म्हणजे मेलेल्या माकडाची वेळेवर मिळालेली खबर. ती खबर देणाऱ्याच्या खिशातून त्याची किंमत वसूल होत असेल, तर ती खबर आपल्यापर्यंत येणार नाही.